तडा गेला आणि वीज मिळाली

फेब्रुवारी १९४०. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेल लॅब या प्रयोगशाळेचे रसेल ओल सिलिकॉनचा एक लहानसा तुकडा तपासत होते. तुकडा बिघडलेला होता, मधोमध तडा गेलेला. त्यातून वीज कशी वाहते याची मोजमापं दर वेळी वेगळी येत होती. असा नग एरवी थेट केराच्या डब्यात गेला असता. ओल यांच्या मात्र लक्षात आलं, की दिव्याचा उजेड पडला की आकडे बदलतात. त्यांनी मुद्दाम उजेड पाडला, तर जवळजवळ अर्धा व्होल्ट मिळाला! त्या काळातल्या प्रकाशघटांच्या मानाने हा आकडा प्रचंड होता. सहकारी वॉल्टर ब्रॅटन यांना हा प्रयोग दाखवला, तेव्हा कुणीतरी आपली फिरकी घेतंय असंच त्यांना वाटलं.

कारण पुढे उलगडलं. वितळलेलं सिलिकॉन हळूहळू थंड होताना त्यातली भेसळ दोन भागांत वेगवेगळी साचली होती. एका भागात बोरॉनचा जोर (हा पी प्रकार), दुसऱ्यात फॉस्फरसचा (हा एन प्रकार). या दोन भागांची सीमा नेमकी त्या तुकड्यात आली होती. तिलाच आज पी-एन जंक्शन म्हणतात. छतावरचं सोलर पॅनेल, खिशातल्या मोबाइलची चिप, घरातला एलईडी दिवा, या सगळ्यांच्या पोटात ही सीमा असते.

तिथे फॉस्फरस आहे हे कळलं कसं, ही तर आणखी गमतीची गोष्ट. इतका सूक्ष्म अंश तेव्हाच्या उपकरणांना दिसत नव्हता. पण बेल लॅबचे धातुतज्ज्ञ जॅक स्कॅफ आणि हेन्री थ्युरर यांना सिलिकॉन कापताना एक उग्र वास आला. कार्बाइडच्या गॅसला येतो तोच वास, आणि तो असतो फॉस्फरसच्या वायूचा. जे उपकरणांना जमलं नाही ते नाकाने केलं.

सौर घट आणि चिप यांच्या शोधांच्या गोष्टींमध्ये मला हीच माणसं सगळ्यात जवळची वाटतात. बिघडलेलं, चुकलेलं, कुणीतरी नाकारलेलं हाती आलं, की ते फेकण्याआधी पुन्हा एकदा नीट पाहणारी. पुढे ती जागोजागी भेटतील.

वडिलांची प्रयोगशाळा आणि सोन्याचा पापुद्रा

उजेडातून वीज मिळते हे पहिल्यांदा दिसलं १८३९ साली, पॅरिसमध्ये. पाहणारा एदमाँ बेकरेल अवघा १९ वर्षांचा. वडीलही भौतिकशास्त्रज्ञ, त्यामुळे प्रयोगशाळा घरचीच. आम्लाच्या द्रावणात बुडवलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्या, त्यांवर चांदीच्या क्षाराचा लेप आणि वरून ऊन, एवढाच संसार. याच एदमाँचा मुलगा आंरी बेकरेल. त्याने पुढे किरणोत्सार शोधून काढला आणि १९०३च्या नोबेलचा मानकरी ठरला.

१८७३ साली इंग्लिश इंजिनिअर विलोबी स्मिथ समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलची चाचणी घेत होते. त्यासाठी वापरलेल्या सेलेनियमच्या कांड्या काही केल्या एकसारख्या वागेनात. शेवटी उमगलं, की कांड्यांच्या पेटीचं झाकण उघडं असलं की त्यांच्यातून वीज सहज वाहते आणि झाकण लावलं की अडते. कांड्यांमध्ये दोष नव्हताच. त्यांना उजेड कळत होता.

मग १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्स यांनी सेलेनियमच्या थरावर सोन्याचा इतका पातळ पापुद्रा चढवला, की उजेड त्यातून आरपार जाई. हे जगातलं पहिलं सौर पॅनेल. पडलेल्या उजेडापैकी जेमतेम एक टक्का त्यातून विजेच्या रूपात बाहेर येई. फ्रिट्स यांनी नमुना थेट जर्मनीत वेर्नर झीमेन्स या उद्योजकाकडे पाठवला. झीमेन्सने त्याची तोंड भरून स्तुती केली. पण हे घडतं कसं, हे सांगायला तेव्हा कुणाकडेच शास्त्र नव्हतं. आइनस्टाइनचा प्रकाशकणांवरचा निबंध यायला १९०५ साल उजाडलं.

कलकत्त्याच्या प्राध्यापकाचं पेटंट

अर्धवाहकाच्या, म्हणजे सिलिकॉनसारख्या पदार्थाच्या, उपकरणाचं जगातलं पहिलं पेटंट एका भारतीयाच्या नावावर आहे. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात बिनतारी लहरींवर काम करताना गॅलेना म्हणजे शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून लहरी टिपणारं उपकरण बनवलं. अमेरिकन पेटंटसाठी अर्ज केला १९०१ मध्ये, मंजुरी मिळाली १९०४ मध्ये, क्रमांक ७,५५,८४०. हे उपकरण रेडिओलहरींना जसा प्रतिसाद देई तसा उजेडालाही देई.

ज्ञान विकायचं नसतं अशी बोस यांची धारणा होती. पेटंटच्या भानगडीत पडायला ते तयारच नव्हते. सारा बुल या अमेरिकन स्नेही बाईंनी आग्रह धरला म्हणून तो कागद झाला. तो झाला हे आपलं भाग्य. नाहीतर या इतिहासाच्या पहिल्याच पानावरून भारताचं नाव गळलं असतं.

पेन बुडालं कथिलात

आता या सगळ्या गोष्टींमधली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. १९१६, बर्लिन. यान चोखराल्स्की हे पोलिश रसायनतज्ज्ञ एईजी कंपनीच्या प्रयोगशाळेत टिपणं काढत बसले होते. शेजारी मुशीत वितळलेलं कथील निवत ठेवलेलं. विचारांच्या तंद्रीत त्यांनी पेन दौतीऐवजी मुशीत बुडवलं! चटकन वर उचललं, तर निबाच्या टोकाला कथिलाचा बारीक धागा लोंबत होता. दुसऱ्या कुणी निब पुसून पुढचं वाक्य लिहिलं असतं. चोखराल्स्कींनी तो धागा तपासला आणि तो अख्खा धागा एकच स्फटिक निघाला. सगळे अणू एका ओळीत, मध्ये कुठे सांधा नाही. १९१८ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली, तीही धातू किती वेगाने गोठतात ते मोजण्यासाठी. ट्रान्झिस्टर हा शब्दही तेव्हा जन्मलेला नव्हता.

जवळजवळ ३० वर्षांनी बेल लॅबच्या गॉर्डन टील यांनी ही पद्धत जर्मेनियम या अर्धवाहकासाठी उचलली. वरिष्ठांना हा खटाटोप पटत नव्हता. एकस्फटिकाची गरजच काय, असं ट्रान्झिस्टर गटाचे प्रमुख विल्यम शॉक्ली यांचं मत होतं. टील यांनी यंत्राला चाकं लावली. दिवसा ते कपाटात ढकलून ठेवायचं आणि रात्री बाहेर काढून स्फटिक ओढायचे. त्या स्फटिकांपासून बनवलेले ट्रान्झिस्टर इतके सरस निघाले, की वाद आपोआप मिटला.

आज चिपसाठी लागणारं जवळजवळ सगळं सिलिकॉन आणि छतावरच्या मोनो म्हणजे एकस्फटिकी पॅनेलमधलं सगळं सिलिकॉन याच पद्धतीने ओढलं जातं. १४१४ अंश सेल्सिअसला वितळलेल्या सिलिकॉनला बीजस्फटिकाचं टोक लावायचं आणि फिरवत फिरवत सावकाश वर घ्यायचं. तयार होणारा दांडा शेकडो किलोंचा असतो, आणि तो सगळा भार पेलते काही मिलिमीटर जाडीची एक मान! ही मान मुद्दाम बारीक ठेवतात. बीज टेकताना बसलेल्या धक्क्याने स्फटिकात जे दोष शिरतात, ते या अरुंद मानेतच कडेला जाऊन संपतात आणि खालचा दांडा निर्दोष वाढतो. ही युक्ती १९५०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम डॅश यांनी शोधली.

आणि चोखराल्स्कींचं पुढे काय झालं? ते वॉर्साला परतले, प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांना साथ दिल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. न्यायालयाने निर्दोष ठरवलं, तरी विद्यापीठाने परत घेतलं नाही. जगातल्या प्रत्येक चिपचा पाया घालणारा हा माणूस आपल्या क्त्सिन्या या गावी जाऊन घरगुती रसायनं आणि प्रसाधनं बनवत राहिला. १९५३ साली ते वारले. विद्यापीठाने त्यांच्या नावावरचा डाग पुसला तो २०११ मध्ये, आणि पोलंडच्या संसदेने २०१३ हे वर्ष त्यांच्या नावे जाहीर केलं. त्यांच्या हयातीत यातलं काहीच झालं नाही, ही गोष्ट मला अजून सलते.

पंधरवड्यात दोन धमाके

चोखराल्स्की गेले त्याच्या पुढच्याच वर्षी सिलिकॉनने जग जिंकलं.

बेल लॅबच्या डॅरिल चॅपिन यांच्याकडे काम होतं टेलिफोनचं. उष्ण, दमट प्रदेशांत टेलिफोनच्या बॅटऱ्या लवकर खराब होत. त्यांना पर्याय शोधायचा होता. ते सेलेनियमशी झगडत होते आणि एक टक्कासुद्धा हाती लागत नव्हता. त्याच इमारतीत कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन सिलिकॉनमध्ये मोजूनमापून भेसळ करत होते, वेगळ्याच कामासाठी. पिअर्सननी आपला सिलिकॉनचा नमुना उन्हात धरला, आकडा पाहिला आणि चॅपिनना गाठून सांगितलं, की सेलेनियमचा नाद सोड. २५ एप्रिल १९५४ रोजी तिघांनी जगाला सहा टक्के क्षमतेचा सौर घट दाखवला. त्यावर चाललं काय, तर एक खेळण्यातला आकाशपाळणा! दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

त्यानंतर १५ दिवसांनी, १० मे रोजी, ओहायोतल्या डेटन शहरात एक परिषद भरली होती. वक्त्यामागून वक्ता सांगत होता, की सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर अजून काही वर्षं लांब आहे. मग बोलायला उठले आपले गॉर्डन टील. आता ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये होते. त्यांनी रेकॉर्ड प्लेअर लावला. त्यातला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर गरम तेलात बुडवला आणि गाणं बंद पडलं. मग सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर जोडला आणि तोही तेलात बुडवला. गाणं चालूच राहिलं! सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर तयार आहेत हे सांगायला याहून जास्त शब्दांची गरज पडली नाही. आजही चिप सिलिकॉनच्या का, याचं अर्धं उत्तर त्या तेलात आहे. सिलिकॉन उष्णता सोसतं.

उरलेलं अर्धं उत्तर एका अपघातात सापडतं. १९५५ मध्ये बेल लॅबमध्येच कार्ल फ्रॉश यांच्या भट्टीतला हायड्रोजन पेटला, पाण्याची वाफ झाली आणि आत ठेवलेल्या सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, म्हणजे वेफरवर, रंगीत थर चढला. प्रयोग फसला म्हणावं, तर तो थर काचेचा होता. सिलिकॉनचा स्वतःचाच ऑक्साइड, चिवट आणि वीज अडवणारा. हवा तिथे ठेवायचा, नको तिथे खोडायचा, की वेफरवर नक्षी काढता येते. याच थराच्या आधाराने मोहम्मद अटाला आणि दावोन कांग यांनी १९५९-६० मध्ये मॉसफेट नावाचा ट्रान्झिस्टर बनवला. आज तुमच्या एका मोबाइलमध्ये हे मॉसफेट अब्जावधींच्या संख्येने असतात.

अंतराळात पहिला, शेतात नंतर

१७ मार्च १९५८ रोजी व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह सुटला. व्यास साडेसोळा सेंटिमीटर, वजन दीड किलोहून थोडं कमी. अमेरिकी नौदलाला बॅटरीवर भरवसा होता. सैन्याच्या सिग्नल कोअरचे हान्स झीग्लर मात्र सौर घटांसाठी हट्टाला पेटले होते. शेवटी दोन्ही बसवले. बॅटरीवरचा ट्रान्समीटर त्याच वर्षी गप्प झाला. सौर घटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. उपग्रह अजून वर फिरतोय. माणसाने पाठवलेल्या आणि अजूनही कक्षेत असलेल्या वस्तूंमध्ये तो सगळ्यात जुना.

अंतराळाने सौर घटाला एक वळणही लावलं. बेल लॅबच्या पहिल्या घटाचा पाया एन प्रकारच्या सिलिकॉनचा होता. वर गेल्यावर कळलं, की किरणोत्साराचा मारा पी प्रकार जास्त चांगला सोसतो. जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने पॅसिफिकवर खूप उंचावर अणुस्फोट केला आणि त्या किरणोत्साराने अनेक उपग्रहांची दैना झाली, तेव्हा तर पी प्रकारावर शिक्कामोर्तबच झालं. पुढे हेच घट जमिनीवर आले आणि कारखान्यांनी दशकानुदशकं पी प्रकारच चालवला, जरी शेतावर आणि छतावर तसल्या किरणोत्साराचा पत्ताही नव्हता. त्यात पी प्रकारात एक खोड होती. बोरॉन आणि ऑक्सिजन यांची जोडी जमून नवं पॅनेल पहिल्याच उन्हात थोडी क्षमता गमावून बसे. आता गेल्या काही वर्षांत कारखाने परत एन प्रकाराकडे वळलेत. बाजारात जे टॉपकॉन नाव ऐकू येतं, ते याच घराण्यातलं.

जमिनीवर सौर घट पहिल्यांदा कुणी मनापासून विकत घेतला? तेल कंपन्यांनी! मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर इशाऱ्याचे दिवे आणि भोंगे लागत, त्यांच्या जड बॅटऱ्या सतत बदलाव्या लागत. १९७०च्या दशकात एक्सॉनच्या पाठबळावर इलियट बर्मन यांनी वॅटमागे १०० डॉलरची किंमत २० डॉलरवर आणली. कशी? चिपवाल्या कारखान्यांनी नापास केलेले वेफर विकत घेऊन. चिपला चालत नाही ते सौर घटाला चालतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

पुढे किंमत घसरतच गेली. २०२४ मध्ये आख्खं पॅनेल वॅटमागे १० सेंटच्या आसपास मिळू लागलं. 

आधी धुऊन काढा, मग मुद्दाम मळवा

पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनच्या खालोखाल सिलिकॉनच आहे. पण सगळं ऑक्सिजनला चिकटलेलं. गारगोटीचे खडे आणि कोळसा विजेच्या भट्टीत घातले, की ९८-९९ टक्के शुद्ध सिलिकॉन मिळतं. एवढी शुद्धता पोलादात घालायला ठीक. चिपसाठी ती ९९.९९९९९९९ टक्के आणि त्याहूनही वर लागते. घन पदार्थ इतका कसा धुणार? त्यावर उपाय असा, की सिलिकॉनचा आधी द्रव बनवायचा. त्याचं ट्रायक्लोरोसिलेन केलं की ते ३२ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या दुपारच्या तापमानाला उकळतं. मग ते पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून गाळता येतं. तो वायू तापलेल्या बारीक कांबीवर सोडला, की शुद्ध सिलिकॉन थरावर थर चढत जातं.

एवढा आटापिटा करून धुतलं, की पुढचं काम काय? त्यात पुन्हा भेसळ करायची! शुद्ध सिलिकॉन विजेच्या कामाचं नाही. सौर घटात साधारण काही दशलक्ष अणूंमागे एक अणू बोरॉनचा किंवा फॉस्फरसचा घातला, की ते कामाला लागतं. ओल यांच्या तुकड्यात जे आपोआप घडलं होतं, ते आता मोजून घडवतात.

वितळलेलं सिलिकॉन ज्या मुशीत ठेवतात ती मूसही अतिशुद्ध क्वार्ट्झची लागते. असं क्वार्ट्झ प्रामुख्याने एकाच जागी मिळतं: अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, स्प्रूस पाइन नावाच्या छोट्याशा गावात. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने तिथल्या खाणी बंद पाडल्या, तेव्हा जगभरच्या चिप उद्योगाचे डोळे त्या गावाकडे लागले होते.

दांडा तयार झाला की कापायचा. पूर्वी तारेवर अपघर्षक पुडीचा राडा ओतत कापत. आता तारेलाच हिऱ्याचे कण लावतात आणि ती तार केसाहून बारीक असते. पूर्वी कापताना जवळजवळ वेफरइतकंच सिलिकॉन भुसा होऊन जाई. आता कापच इतका अरुंद झालाय, की ते नुकसान पुष्कळ घटलं. वेफरची जाडी उरलीय सुमारे ०.१५ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी.

मग येतात कारखान्यातल्या करामती. चकचकीत सिलिकॉन एकतृतीयांश उजेड परत फेकतं. म्हणून ते अल्कलीच्या द्रावणात बुडवतात. स्फटिकाच्या काही बाजू भराभर झिजतात, काही सावकाश, आणि पृष्ठभागावर सूक्ष्म पिरॅमिड आपोआप उभे राहतात. त्यांच्या मधल्या दऱ्यांत उजेड अडकतो. वर सिलिकॉन नायट्राइडचा ७०-८० नॅनोमीटरचा थर देतात. पॅनेलचा निळा-काळा रंग या थराचा. आणि हा थर आणखी एक मोलाचं काम करतो. त्यातला हायड्रोजन सिलिकॉनमध्ये शिरून तिथले तुटलेले बंध सांधतो.

वरच्या चंदेरी रेघा स्क्रीन प्रिंटिंगने छापतात. हो, गावोगावी लग्नपत्रिका छापायचं तेच तंत्र, फक्त शाईच्या जागी चांदीची पेस्ट! मग भट्टीत काही सेकंदांत ती पेस्ट नायट्राइडचा थर जाळून खालच्या सिलिकॉनला भिडते. जगभरच्या चांदीच्या मागणीतला सुमारे सहावा हिस्सा आता सौर पॅनेलांचा आहे. आणि काचेला घट चिकटवणारी जी पारदर्शक चादर असते ना, ती ईव्हीए. स्पोर्ट्स शूजच्या आणि हलक्या चपलांच्या तळव्यांत असतं तेच रसायन.

घट अर्धा कापून लावतात, हेही बघण्यासारखं. अर्ध्या घटातून अर्धा प्रवाह जातो, आणि तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे असते, म्हणून ती पाव होते. लेसरची एक रेघ, आणि तेवढी वीज वाचली.

दुकानातली भिंगं आणि थेंबांचा मारा

चिपच्या जगात तर गोष्टींचा पाऊस आहे. १९५८च्या उन्हाळ्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधले बहुतेक सगळे सामूहिक रजेवर गेले. जॅक किल्बी नवे होते, त्यांची रजा जमाच झाली नव्हती. रिकाम्या प्रयोगशाळेत बसून त्यांनी एकाच तुकड्यावर आख्खं सर्किट उतरवायचा विचार केला. १२ सप्टेंबरला ते चाललं. २००० साली त्याबद्दल नोबेल मिळालं.

तिकडे कॅलिफोर्नियात फेअरचाइल्ड कंपनीच्या रॉबर्ट नॉइस आणि जे लास्ट यांना वेफरवर बारीक नक्षी उमटवण्यासाठी भिंगं हवी होती. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन १६ मिलिमीटर सिनेमा कॅमेऱ्याची भिंगं विकत आणली! १९७१ साली इंटेलची ४००४ ही चिप आली, २,३०० ट्रान्झिस्टरची. चित्रकार सही करतो तशी तिच्या कोपऱ्यात फेदेरिको फाजिन यांनी आपली आद्याक्षरं कोरली आहेत.

धूळ हा चिपचा शत्रू. न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफिल्ड यांनी १९६०च्या सुमारास एक साधा विचार केला: छतातून गाळलेली हवा खाली सोडा आणि जमिनीतून बाहेर काढा. मग धूळ उडेलच कशी? पहिल्या चाचणीत धुळीचे आकडे इतके खाली आले, की मोजणारं यंत्रच बिघडलं असावं असं लोकांना वाटलं. आज ऑपरेशन थिएटरांपासून औषधांच्या कारखान्यांपर्यंत हीच युक्ती चालते.

वेफरवरची नक्षी प्रकाशाने उमटवतात, म्हणून ती आणखी बारीक करण्यासाठी प्रकाशाची लहर आखूड हवी. २००० नंतर सगळा उद्योग १५७ नॅनोमीटरच्या महागड्या प्रकाशामागे लागला होता. तैवानच्या टीएसएमसीचे बर्न लिन म्हणाले, जुनाच १९३ नॅनोमीटरचा प्रकाश ठेवा, भिंग आणि वेफर यांच्यामध्ये फक्त पाणी सोडा. पाण्यात लहर आखडून १३४ नॅनोमीटर होते. पाण्याने अब्जावधी डॉलरच्या बेताला मागे टाकलं.

त्यापुढची पायरी मात्र खरंच अचाट आहे. नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीच्या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५० हजार या वेगाने सुटतात. प्रत्येक थेंबाला लेसरचे दोन फटके बसतात. पहिल्याने तो चपटा होतो, दुसऱ्याने त्याचा दोन लाख अंशांहून तप्त प्लाझ्मा होतो. त्यातून निघतो १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश. हा प्रकाश काच गिळते, हवाही गिळते, म्हणून सगळं काम निर्वात पोकळीत आणि आरशांवर. ते आरसे जर्मनीची झाइस कंपनी बनवते. असा एक आरसा जर्मनी देशाएवढा मोठा केला, तर त्यावरचा सगळ्यात मोठा उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरेल. चोखराल्स्कींच्या हातून पेन ज्यात बुडालं, ते कथीलच १०० वर्षांनी इथे पुन्हा कामाला आलंय.

मास्तर आणि १८३९चा योगायोग

आजच्या पॅनेलांचं बरंचसं ऋण ऑस्ट्रेलियातल्या एका प्राध्यापकाचं आहे. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या मार्टिन ग्रीन यांच्या गटाने १९८०च्या दशकात पर्क नावाचा घट बनवला. घटाच्या पाठीवर एक निष्क्रिय थर, की मागे जाणारा उजेड आणि वीज दोन्ही परत फिरतात. १९८९ मध्ये तो २२.८ टक्क्यांवर पोचला. कारखान्यांत मात्र त्याला २०१०चं दशक उजाडेपर्यंत जागा मिळाली नाही. ग्रीन यांचा चिनी विद्यार्थी शी चेंगरोंग याने २००१ मध्ये वूशी शहरात सनटेक ही पॅनेलांची कंपनी काढली, चीनमधल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत जाऊन बसला, आणि २०१३ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. पण तोवर चीनने स्वस्त पॅनेलांची विद्या आत्मसात केली होती.

एकट्या सिलिकॉनला २९ टक्क्यांच्या आसपास निसर्गाचीच सीमा आहे. अशा सीमेचं गणित शॉक्ली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये मांडलं. ती ओलांडायची तर वर दुसरा थर हवा. त्यासाठी सध्या सगळ्यांचे डोळे पेरोव्स्काइट या जातीच्या पदार्थांवर आहेत. ज्या खनिजावरून हे नाव पडलं, ते गुस्ताव रोझे यांना उरल पर्वतात सापडलं ते साल कोणतं? १८३९! पॅरिसमध्ये एदमाँ बेकरेल उन्हात पट्ट्या धरून बसला होता तेच. या दोन शोधांची गाठ पडायला १७० वर्षं लागली. २००९ मध्ये जपानच्या त्सुतोमू मियासाका यांनी पेरोव्स्काइटचा घट बनवला, ३.८ टक्क्यांचा. २०२४ मध्ये सिलिकॉनवर पेरोव्स्काइट चढवलेला घट ३४.६ टक्क्यांवर गेला. ओलावा आणि उष्णता त्याला सोसत नाहीत, हे दुखणं अजून बाकी आहे.

रात्री पॅनेल उजळतं

शेवटची गंमत, आणि तिच्यासोबत एक विनंती. सौर घट आणि एलईडी ही एकाच कुळाची भावंडं. एकाला उजेड दिला की वीज मिळते, दुसऱ्याला वीज दिली की उजेड. मग पॅनेललाच रात्री वीज दिली तर? तेही उजळतं! मात्र तो उजेड अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. खास कॅमेऱ्याने टिपला, की घटातल्या सगळ्या भेगा काळ्या रेघा होऊन दिसतात. कारखान्यात प्रत्येक पॅनेलची अशी तपासणी होते.

या भेगा काचेवरून सहसा दिसत नाहीत. पंचवीस मिलिमीटरची गार ताशी ८० किलोमीटरच्या वर वेगाने आदळली तरी पॅनेल टिकतं, तशी चाचणीच असते. पण माणसाचा पाय वेगळा. टाचेखाली काच वाकते, काच शाबूत राहते आणि आतलं ०.१५ मिलिमीटरचं सिलिकॉन तडकतं. आयआयटी मुंबईच्या सौर संशोधन केंद्राने राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेबरोबर देशभर फिरून पॅनेलांची तपासणी केली, तेव्हा छतांवरच्या लहान जोडण्या मोठ्या प्रकल्पांपेक्षा जास्त वेगाने कमजोर होताना दिसल्या. रसेल ओल यांच्या तडा गेलेल्या तुकड्याने वीज दिली. तुमच्या पॅनेलमधला तडा ती हिरावून घेईल.

तेव्हा घरी किंवा शेतावर सोलर बसवून घेत असाल, तर काम चालू असताना तिथे उभे राहा. बसवणाऱ्याला पॅनेलवर पाय ठेवू देऊ नका, पॅनेल डोक्यावर तोलून जिन्याने चढवू देऊ नका. आणि धुवायचं ते सकाळी, काच गार असताना.